कांदा, बंदर आणि सरकारची मर्यादा

२०२३ च्या डिसेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांच्या आवारात खरिपाचा लाल कांदा येऊ लागला होता. ७ डिसेंबरला विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना निघाली आणि ८ डिसेंबरपासून कांद्याची निर्यात ३१ मार्च २०२४ पर्यंत बंद झाली. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागले होते. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरचे किमान निर्यातमूल्य ठरले होते आणि ते ३१ डिसेंबरपर्यंत राहील, असे याच सरकारने जाहीर केले होते. त्या शब्दावर विसंबून कोणी डिसेंबरअखेरचे सौदे केले असतील, तर तो शब्द तीन आठवडे आधीच मोडला गेला. लिलाव बंद पडले, चांदवडला शेतकरी मुंबई-आग्रा महामार्गावर येऊन बसले, आणि वर्तमानपत्रांत नेहमीप्रमाणे ग्राहक विरुद्ध शेतकरी अशी चर्चा रंगली.

मला हा मुळात सरकारच्या अधिकाराचा प्रश्न वाटतो. नागरिकाने स्वतःच्या रानात, स्वतःच्या खर्चाने पिकवलेला माल परदेशातला गिऱ्हाईक खुशीने घ्यायला तयार असताना, तो एका रात्रीत, कारण न ऐकवता आणि भरपाई न देता अडवण्याची मुभा सरकारला असावी का? अभिजात उदारमतवादाचे, म्हणजे व्यक्तीचे स्वातंत्र्य आणि मर्यादित सरकार मानणाऱ्या विचाराचे, उत्तर ‘नसावी’ असे आहे. राज्यकारभार, अर्थव्यवहार आणि परराष्ट्रसंबंध या तिन्ही ठिकाणी ते उत्तर एकाच मुळातून येते, हे मला कांद्याच्या निमित्ताने मांडायचे आहे.

आधी कांदा साठवण्याच्या चाळीकडे पाहू. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो. तो रानात सुकवून, पात कापून, निवडून चाळीत भरतात. चाळ जमिनीपासून उचललेली, दोन्ही बाजूंनी हवा खेळती राहील अशी असते. एप्रिलपासून पुढे पाच-सहा महिने शेतकऱ्याची बायको किंवा म्हातारा बाप दर काही दिवसांनी चाळीत जाऊन वरचे कांदे हातात घेऊन दाबून पाहतो, मऊ लागलेला बाजूला काढतो, वास घेतो. एक कांदा सडला की शेजारचे चार सडतात. वजन घटत जाते, पावसाळी हवेत काजळी धरते, उशीर झाला की कोंब फुटतात. एवढी नासाडी सोसून माल धरून ठेवण्याचे कारण एकच, की ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आवक कमी होईल, भाव चढेल आणि सडलेल्याची भरपाई उरलेल्यातून निघेल. शहरातल्या माणसाला सप्टेंबरात कांदा मिळतो तो या धरून ठेवण्यामुळेच. मार्चमध्ये सगळा कांदा एकदम बाजारात आला असता, तर तेव्हा तो मातीमोल झाला असता आणि पावसाळ्यात सोन्याच्या भावाने गेला असता.

निर्यातबंदी नेमकी या धरून ठेवण्यावर येऊन आदळते. भाव पडतात तेव्हा तो तोटा शेतकऱ्याचा असतो, आणि चढू लागतात तेव्हा सरकार मध्ये येऊन ते खाली ओढते. असे दोन-तीनदा झाले की साठवण्यात अर्थ नाही, हे शेतकरी शिकतो. मग तो चाळ वाढवत नाही, बी बदलत नाही, पुढच्या हंगामात क्षेत्र कमी करतो, आणि त्यानंतरच्या वर्षी टंचाई येते. त्या टंचाईला साठेबाजी असे नाव मिळते आणि पुन्हा बंदी येते. २०१९ च्या सप्टेंबरात बंदी आली, ती २०२० च्या मार्चमध्ये उठली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पुन्हा आली, जानेवारी २०२१ मध्ये उठली. २०२३ मध्ये आधी शुल्क, मग किमान मूल्य, मग बंदी अशी तिहेरी फेरी झाली. चाळ बांधायला घेतलेले कर्ज फेडायला जेवढी वर्षे लागतात, तेवढी वर्षेसुद्धा धोरण एका जागी उभे राहत नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये याच पिकाचे दुसरे टोक महाराष्ट्राने पाहिले. सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला, भाव लागला किलोला १ रुपया. मोटारभाडे, हमाली, तोलाई वजा जाता पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावतीवर, २ रुपये ४९ पैसे उरले आणि हातात २ रुपयांचा चेक पडला. त्या पट्टीचे छायाचित्र सगळीकडे फिरले. पुढे राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केले, नाफेड या सहकारी खरेदी संस्थेनेही खरेदी केली. ती मदत झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु साडेतीन रुपये किलोचे ते अनुदान आणि पाच महिन्यांनंतर लागलेले ४० टक्के शुल्क शेजारी ठेवून पाहावे. सरकारने एका हाताने जे दिले, त्याहून अधिक दुसऱ्या हाताने काढून घेतले. शिवाय देण्यासाठी शेतकऱ्याला अर्ज करायला लावले. घेताना त्याला विचारलेही नाही.

अर्थतज्ज्ञ ॲडम स्मिथने १७७६ मध्ये धान्यव्यापारावर लिहिताना हा मुद्दा न्यायाच्या भाषेत मांडला होता. शेतकऱ्याला त्याचा माल चांगल्यात चांगल्या बाजारी नेण्यापासून अडवणे म्हणजे लोकहिताच्या एका कल्पनेपायी न्यायाचे साधे नियम बळी देणे होय, आणि ते फक्त अगदी निकडीच्या प्रसंगी क्षम्य ठरते, असा त्याचा आशय आहे. येथे त्याने नफ्यातोट्याची वजाबाकी मांडलेली नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आपल्याकडे खुल्या व्यापाराचे समर्थन केले की समोरचा माणूस ‘तुम्हाला फक्त जीडीपी दिसतो’ असे म्हणतो. स्मिथचा पहिला आक्षेप मात्र अन्यायाविरुद्ध आहे. कार्यक्षमता त्यानंतर येते.

इंग्लंडात पुढच्या शतकात हीच लढाई उलट्या बाजूने झाली. १८१५ च्या धान्यकायद्यांनी परदेशी गव्हावर निर्बंध घालून जमीनदारांचे भाव वर धरले होते आणि मँचेस्टरचा गिरणीकामगार महाग पाव खात होता. रिचर्ड कॉब्डेन आणि जॉन ब्राइट यांनी १८३८ मध्ये उभ्या राहिलेल्या धान्यकायदाविरोधी संघटनेच्या जोरावर आठ वर्षे रान उठवले. अखेर १८४६ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील याने स्वतःचा पक्ष फुटण्याची किंमत मोजून ते कायदे रद्द केले. तेथे सरकार पिकवणाऱ्यासाठी खाणाऱ्याला पिळत होते, येथे खाणाऱ्यासाठी पिकवणाऱ्याला पिळते आहे. दोन्हीकडे सरकारच्या हाती असलेले हत्यार एकच आहे, आणि ज्याच्या हाती ते हत्यार असते त्याच्या दाराशी दोन्ही पक्ष खेटे घालत राहतात.

हे हत्यार सरकारच्या हाती कायद्याने कसे आले, ते पाहिले की राज्यकारभाराचा प्रश्न उघडा होतो. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याने साठ्यावर मर्यादा घालण्याची सत्ता केंद्राकडे गेली. १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, चाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो कायदा राज्यघटनेच्या नवव्या परिशिष्टात गेला. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने निर्माण झालेल्या या परिशिष्टात आज २८४ कायदे आहेत आणि मूलभूत हक्कांचा भंग झाला या कारणावरून ते रद्द होऊ नयेत, हाच त्याचा हेतू होता. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९७३ नंतर तेथे घातलेले कायदे घटनेच्या मूलभूत चौकटीवर तपासता येतील असे ठरवून दार थोडे किलकिले केले. मधल्या काळात, १९७८ मध्ये, मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून गेला होता. परदेशी पाठवायच्या मालाबद्दल १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याचे तिसरे कलम आहे. त्यानुसार केंद्र सरकार साध्या आदेशाने निर्यात बंद करू शकते.

उदारमतवादी राज्यशास्त्राचा सगळा भर सत्ता कोणाकडे आहे यापेक्षा ती कशाने बांधलेली आहे यावर असतो. कांद्यावर बंदी घालणारी सरकारे वेगवेगळ्या पक्षांची होती. कांद्याच्या भावाची धास्ती सगळ्यांनाच आहे, कारण १९८० च्या लोकसभा निवडणुकीत तो प्रचाराचा विषय झाला आणि १९९८ मध्ये दिल्ली राज्यातल्या सत्तांतरात त्याचा वाटा होता. २०२० मध्ये केंद्राने जूनमध्ये अध्यादेश काढून कांदा-बटाटा साठामर्यादेतून एरवी मोकळे केले. ते पाऊल योग्य होते आणि मी तेव्हा त्याचे मनापासून स्वागत केले होते. परंतु सप्टेंबरात त्याच सरकारने निर्यात बंद केली, आणि आपल्याला मोकळे करणारा कायदा आला आहे यावर शेतकऱ्याने विश्वास ठेवण्याची जी थोडी शक्यता होती तीही संपली. पुढे तो आणि त्याच्या जोडीचे इतर कृषी कायदे मागे घ्यावे लागले, त्याची इतर अनेक कारणे आहेत. पण नाशिकच्या शेतकऱ्याला विचारले तर तो हे कारण पहिले सांगेल.

आपल्याकडे या विचाराला राजकीय घर मिळाले नाही, असेही नाही. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव झाला आणि त्याच वर्षी राजगोपालाचारी, एन. जी. रंगा आणि मुंबईचे मिनू मसानी यांनी ‘स्वतंत्र पक्ष’ या नावाचा पक्ष काढला. १९६७ मध्ये लोकसभेत त्याचे ४४ खासदार होते, १९७४ पर्यंत तो पक्ष विरून गेला. आज तसाच पक्ष काढायचा म्हटले तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचे २९अ हे कलम आडवे येते. १९८९ पासून नोंदणी हवी असलेल्या प्रत्येक पक्षाला आपल्या घटनेत समाजवादाच्या तत्त्वावर निष्ठा लिहून द्यावी लागते. लोकशाहीत समाजवाद मानण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तो न मानणाऱ्याला मात्र खोटे लिहून दिल्याशिवाय निवडणुकीच्या आखाड्यात पक्ष म्हणून उतरता येत नाही, याची लाज आपल्याला वाटायला हवी.

महाराष्ट्रात हा विचार शेताच्या बांधावर नेला तो शरद जोशी यांनी. टपाल सेवेतला हा अधिकारी स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघात नोकरी करत होता. ती सोडून सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात चाकणजवळ आंबेठाणला त्यांनी कोरडवाहू जमीन घेतली, स्वतः पिकवून तोटा कसा होतो ते पाहिले, आणि चाकणच्या कांद्यापासूनच आंदोलन उभे केले. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा आजही गावोगावच्या भिंतींवर धूसर झालेली दिसते. तिच्यातला ‘भीक नको’ हा अर्धा भाग आपण विसरलो आहोत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक व्यापाराचे नवे नियम सुचवणाऱ्या डंकेल प्रस्तावाविरुद्ध देशातले बहुतेक शेतकरी नेते रस्त्यावर होते, तेव्हा जोशींनी त्याला पाठिंबा दिला. त्यांचा हिशेब सरळ होता. भारत सरकार शेतकऱ्याला अनुदान देते असे म्हटले जाते, परंतु निर्यातबंदी, लेव्ही (सरकारला ठरलेल्या भावाने सक्तीने द्यावा लागणारा माल) आणि प्रांतबंदी यांनी जे काढून घेतले जाते ते मोजले तर आकडा उणे येतो, मग जागतिक व्यापाराच्या नियमांची भीती शेतकऱ्याने का बाळगावी? त्यांच्या काही भूमिका मला पटत नाहीत. पण त्या वेळी, त्या गर्दीसमोर, तसे बोलायला लागणारे धैर्य मी नंतर फार कमी नेत्यांत पाहिले.

येथून आपण सीमेपाशी येतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. बंदी लागून जेमतेम आठवडा झाला होता. उद्योजकांच्या सभेत त्या हिंदीतून म्हणाल्या की तुम्ही कांदा का बंद केला ठाऊक नाही, मी आचाऱ्याला बिनकांद्याचे जेवण करायला सांगितले आहे, आणि पुढच्या वेळी आधी कळवा. सभागृह हसले. मला त्यातली ‘आधी कळवा’ ही विनंती फार गंभीर वाटते. शेजारच्या देशाच्या पंतप्रधानाला रोजच्या भाजीसाठी असे सांगावे लागते, तेव्हा त्या देशाचा व्यापारी दुसरीकडे पाहू लागणारच. त्या हिवाळ्यात बांगलादेशाने परदेशातून विमानाने कांदा आणला, आणि पुढे घरचे उत्पादन वाढवण्याकडे लक्ष दिले. गेलेले गिऱ्हाईक बंदी उठली म्हणून आपोआप परत येत नाही.

या बाबतीत अमेरिकेने घेतलेला धडा मोठा आहे. १९७३ च्या जूनमध्ये निक्सन सरकारने देशातले भाव आवरण्यासाठी सोयाबीनची निर्यात थांबवली. बंदी थोडेच दिवस टिकली. तेवढ्यात जपानला कळून चुकले की आपले अन्न एका देशाच्या मर्जीवर ठेवता येणार नाही. जपानने ब्राझीलच्या सेराडो पठारावर सोयाबीन पिकवण्यासाठी पैसा आणि तंत्र ओतले. आज ब्राझील जगातला सर्वांत मोठा सोयाबीन उत्पादक आहे. अमेरिकी शेतकऱ्याचा प्रतिस्पर्धी अमेरिकी सरकारनेच उभा करण्यात हातभार लावला. आपणही २०२२ मध्ये तसेच वागलो. १२ मे रोजी गव्हाच्या निर्यातीसाठी नऊ देशांत शिष्टमंडळे पाठवण्याची घोषणा झाली आणि १३ मे रोजी गव्हाची निर्यात बंद झाली.

कॉब्डेनला खुल्या व्यापारात शांततेची वाट दिसत होती. १८५९ मध्ये इंग्लंडात फ्रेंच आक्रमणाची भीती पसरलेली असताना तो पॅरिसला गेला आणि १८६० मध्ये फ्रेंच अर्थतज्ज्ञ मिशेल शेवालिए याच्यासह दोन्ही देशांचा व्यापारकरार घडवून आणला. व्यापार असला की युद्ध होतच नाही, हा दावा १९१४ ने खोटा पाडला आणि तो आज कोणी करू नये. त्याचे मर्यादित रूप मात्र टिकून आहे. दोन देशांची हजारो माणसे परस्परांशी स्वतःच्या जबाबदारीवर सौदे करत असतील, तर संबंध सरकारांच्या लहरीवर कमी अवलंबून राहतात. बंदी नेमके याच्या उलट करते. २०२३-२४ च्या बंदीत काही देशांना त्यांच्या सरकारांच्या विनंतीवरून, सरकारपुरस्कृत सहकारी निर्यात संस्थेमार्फत, ठरावीक टन कांदा देण्यात आला. व्यापार होता तो मेहेरबानी झाला. बंदीची मुदत मार्चनंतरही वाढवलेली असताना २५ एप्रिल २०२४ रोजी गुजरातच्या पांढऱ्या कांद्याच्या २,००० टन निर्यातीला परवानगी मिळाली, तेव्हा महाराष्ट्रात संताप उसळला. मला त्यात दोन राज्यांचे वैर दिसत नाही. जेथे सरसकट बंदी असते तेथे अपवाद मागावा लागतो, आणि अपवाद मिळवायला वजन लागते. लहान शेतकऱ्याकडे ते नसते.

आता आक्षेपांकडे वळतो, आणि सर्वांत जड आक्षेप आधी घेतो. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसे मरत होती आणि हिंदुस्थानातून धान्य बाहेर जात होते. व्हाइसरॉय लिटनचे सरकार बाजारात हात घालायचा नाही या तत्त्वाचा हवाला देत होते, त्याचा अधिकारी रिचर्ड टेंपल याने दुष्काळी कामांवरची मजुरी तोडली होती, आणि पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची माहिती गोळा करून सरकारला जाब विचारत होती. उदारमतवादाच्या नावावरचा हा डाग खरा आहे. त्यावर माझे उत्तर असे की स्मिथने मान्य केलेला निकडीचा प्रसंग तो हाच होता. ज्याच्या हातात पैसा नाही त्याला बाजार काही देत नाही, म्हणून त्याच्या हातात खजिन्यातून पैसा किंवा धान्य देणे हे सरकारचे पहिले काम होते. ते न करणाऱ्या सरकारला त्या लोकांची मतेही मागायची नव्हती. कांदा किलोला ६० रुपये होणे हा तो प्रसंग नाही. कांद्याशिवाय आठवडा काढणे गैरसोयीचे आहे, पण त्याला दुष्काळ म्हणता येत नाही.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात केलेल्या भाषणात इंग्रजी अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना सरसकट लागू होतात हे मानायला नकार दिला होता. त्यांचे म्हणणे मला मोलाचे वाटते. ते राज्यसंस्थेकडे उद्योगधंद्यांना उभे राहण्यासाठी आधार मागत होते. रयतेच्या मालाचा बाजार बंद करायला त्यांच्या मांडणीत आधार सापडत नाही.

शहरातल्या गरीब कुटुंबाचा प्रश्न उरतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. भाव चढले की मजुराच्या घरात भाजी कमी शिजते. त्या कुटुंबाला मदत करायची तर ती सगळ्यांच्या करातून झाली पाहिजे. सरकारने त्याच्या खात्यात रक्कम टाकावी, किंवा बाजारभावाने कांदा विकत घेऊन स्वस्तात द्यावा. २०२३ मध्ये सरकारने ५ लाख टनांचा राखीव साठा केलाच होता. आज ही मदत निफाड-येवल्याच्या दोन एकरवाल्याच्या खिशातून दिली जाते, आणि तिचा फायदा मजुराबरोबर महिन्याला दोन लाख कमावणाऱ्यालाही मिळतो.

आमच्या बाजूलाही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. निर्यात खुली हवी, पण डाळी आणि तेलाची आयात बंद हवी, असे दोन्ही एकाच सभेत मागता येणार नाही. दोन साखर कारखान्यांमध्ये २५ किलोमीटरचे हवाई अंतर ठेवून उसाला गिऱ्हाईक कमी करणारा नियम आपल्या राज्यातल्याच लोकांनी सांभाळला आहे, आणि त्याविरुद्ध बोलताना भले भले नेते गप्प होतात. भाव चढल्यावर स्वातंत्र्य आणि पडल्यावर हमी ही भूमिका सरकारच्या भूमिकेचा आरसा आहे.

१ एप्रिल २०२५ पासून कांद्यावरचे उरलेले २० टक्के निर्यातशुल्क उठले. बाजार समित्यांत पेढे वाटले गेले नाहीत, कारण १९९२ च्या कायद्याचे तिसरे कलम जागच्या जागी आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या कलमात दुरुस्ती व्हावी, अशी माझी मागणी आहे. शेतमालाची निर्यात रोखायची असेल तर किमान ६० दिवसांची पूर्वसूचना असावी, झालेल्या सौद्यांना ती लागू नसावी, आणि संसदेच्या मंजुरीशिवाय ती ३० दिवसांपलीकडे टिकू नये. जागतिक व्यापार संघटनेच्या शेतीकरारातले बारावे कलम अशी लेखी पूर्वसूचना आजही मागते. विकसनशील देशांना त्यातून सूट आहे, पण त्या मालाच्या निव्वळ निर्यातदाराला नाही, आणि कांद्यात आपण निव्वळ निर्यातदार आहोत. चौथी अट भरपाईची असावी. बंदीच्या आदल्या पंधरवड्याचा सरासरी भाव आणि बंदीनंतरचा भाव यांतला फरक, बाजार समितीच्या पट्टीवरून, शेतकऱ्याच्या खात्यात तीस दिवसांत जमा व्हावा. पट्टीवर वजन, भाव आणि तारीख असतेच, त्यामुळे वेगळा पंचनामा लागणार नाही. बंदीच्या फाइलवर सही करण्याआधी अर्थ मंत्रालयाला ती रक्कम काढून पाहावी लागेल, आणि ती देण्याची तयारी नसेल तर फाइल परत पाठवावी लागेल.